फासळी की कूस? पहिल्या स्त्रीच्या निर्मितीकथेचा अर्थ

विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गात, मिस्सानंतरच्या संभाषणात, क्वचित एखाद्या कुटुंबातील तंटा मिटवतानाही एक वाक्य आम्हां धर्मगुरूंच्या कानी वारंवार पडते : स्त्री पुरुषाच्या फासळीपासून घडवली गेली, म्हणून तिचे स्थान त्याच्या मागेच. बोलणारा मनुष्य बहुधा सज्जन असतो. आपण पवित्र शास्त्राच्या आधारेच बोलत आहोत, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ऐकणारी स्त्रीही पुष्कळदा मान खाली घालून ते मान्य करते. कारण शास्त्रात लिहिले आहे म्हटल्यावर वाद कोण घालणार? म्हणूनच शास्त्रात नेमके काय लिहिले आहे, हे मूळ शब्दांपर्यंत जाऊन पाहणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

या विवेचनात विदर्भातील एका गावाचे नाव येणार आहे, ते म्हणजे वर्धा शहरालगतचे नालवाडी. एदेन बागेतील कथेशी नालवाडीचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. मध्ययुगीन युरोपातील चित्रकारांनी आदामाच्या हाती कुदळ आणि एवेच्या हाती सूत कातण्याची चाती दिली होती. पहिल्या स्त्रीच्या हाती दिलेल्या त्या कामाचे मोल किती, हा प्रश्न १९३० च्या दशकात नालवाडीत एका व्रतस्थ पुरुषाने स्वतःच्या देहावर प्रयोग करून तपासला. त्याकडे आपण पुढे येऊ. प्रथम मूळ कथा पाहू.

एकाच ग्रंथातील दोन कथने

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, म्हणजे उत्पत्तीत, मानवाच्या निर्मितीची दोन कथने शेजारी शेजारी आहेत. पहिले कथन पहिल्या अध्यायातले. तेथे फासळीचा उल्लेखच नाही. परमेश्वर मानवाला आपल्या प्रतिरूपात निर्माण करतो आणि ते प्रतिरूप नर व नारी अशा दोघांचेही आहे (उत्पत्ती १:२७). आशीर्वाद दोघांना मिळतो आणि पृथ्वीची जबाबदारीही दोघांवर सोपवली जाते. कोण आधी व कोण नंतर हा विचार तेथे संभवतच नाही.

दुसरे कथन दुसऱ्या अध्यायात येते. ते अधिक चित्रमय आहे. परमेश्वर कुंभाराप्रमाणे मातीपासून मानव घडवतो. 'आदाम' हे येथे व्यक्तीचे नाव असण्याआधी एक सामान्यनाम आहे. 'आदामा' म्हणजे भूमी आणि तिच्यापासून घडलेला तो 'आदाम', म्हणजे मातीचा माणूस. सृष्टीतील प्रत्येक गोष्ट चांगली आहे असे पहिल्या अध्यायात पुनःपुन्हा सांगितले गेले. दुसऱ्या अध्यायात मात्र परमेश्वर एक गोष्ट चांगली नाही असे म्हणतो, आणि ती म्हणजे मानवाचे एकटेपण (२:१८). मग पशुपक्षी निर्माण होतात, मानव त्यांना नावे देतो. परंतु त्यांच्यात त्याच्या तोडीचा सोबती सापडत नाही. तेव्हा परमेश्वर त्याला गाढ निद्रा आणतो आणि त्याच्यापासून काही घेऊन स्त्री घडवतो.

ही निद्रा महत्त्वाची आहे. स्त्रीच्या निर्मितीत पुरुषाचा वाटा काहीच नाही. त्याने तिची योजना केली नाही, तिला घडवताना पाहिलेही नाही. तो जागा झाला तेव्हा ती समोर उभी होती. पुरुष जसा देवाच्या हातचा, तशीच स्त्रीही देवाच्या हातची. जी आपण घडवलीच नाही, तिच्यावर मालकी कशी सांगावी?

'त्सेला' या शब्दाचा प्रवास

आता वादाचा मूळ शब्द घेऊ. परमेश्वराने मानवाकडून जे घेतले, त्यासाठी हिब्रू संहितेत 'त्सेला' हा शब्द आहे. जुन्या करारात तो सुमारे चाळीस वेळा येतो. कराराच्या कोशाची बाजू (निर्गम २५:१२), निवासमंडपाची बाजू (निर्गम २६:२०), डोंगराचा उतार (२ शमुवेल १६:१३), शलमोनाच्या मंदिरातील दुहेरी दाराची झडप (१ राजे ६:३४), असे त्याचे उपयोग आहेत. बहुतेक ठिकाणी अर्थ एकच : बाजू. 'फासळी' असा अर्थ आपण घेतो तो केवळ स्त्रीच्या निर्मितीच्या या प्रसंगात. तो अर्थ अगदीच निराधार आहे असे नव्हे. हिब्रूच्या भगिनीभाषांमध्ये या धातूच्या शब्दांचा अर्थ फासळी असाही होतो. तथापि सबंध जुन्या कराराचा कौल 'बाजू' या अर्थाकडे आहे.

यहुदी गुरूंच्या हे फार पूर्वीच ध्यानात आले होते. उत्पत्तीवरील 'बेरेशीथ रब्बा' या प्राचीन भाष्यात रब्बी शमुवेल बर नहमान यांचे एक मत नोंदले आहे. परमेश्वराने पहिला मानव दोन मुखांचा घडवला आणि मग त्याला मधोमध विभागून दोन व्यक्ती केल्या, असे ते म्हणतात. शास्त्रात तर फासळी म्हटले आहे, असा आक्षेप येताच त्यांनी निवासमंडपाच्या 'बाजू'कडे बोट दाखवले, कारण शब्द तोच आहे.

ख्रिस्तपूर्व काळात हिब्रू शास्त्राचा ग्रीक अनुवाद झाला. तेथे 'त्सेला'साठी 'प्लेव्रा' हा शब्द आला. त्याचा अर्थ बाजू व फासळी असा दुहेरी होता. पुढे संत जेरोम यांनी लॅटिन अनुवादात 'कोस्ता' हा शब्द वापरला. लॅटिनमध्येही त्याला बाजूची छटा आहे, परंतु युरोपच्या मनात फासळी पक्की बसली. इतकी की पुरुषाला स्त्रीपेक्षा एक फासळी कमी असते, अशी समजूत रूढ झाली. शरीरशास्त्रज्ञ आंद्रेयास व्हेसालियस यांनी १५४३ मध्ये आपल्या ग्रंथात ती खोडून काढली. स्त्री असो वा पुरुष, सामान्यतः फासळ्यांच्या बारा जोड्या दोघांनाही असतात. तरीही ही समजूत आजही कोठे कोठे ऐकू येते.

'त्सेला'साठी मराठीत एक फार जवळचा शब्द आहे, तो म्हणजे कूस. आपण डाव्या कुशीवर झोपतो, कूस बदलतो. तेथे कूस म्हणजे शरीराची बाजू. आणि आई लेकराला कुशीत घेते, स्त्रीची कूस उजवते. तेथे कूस म्हणजे माया आणि गर्भाशय. परमेश्वराने आदामाच्या कुशीपासून स्त्री घडवली असे म्हटले, की या कथेचे दालन वेगळेच उघडते. पहिली स्त्री पुरुषाच्या कुशीतून आली आणि त्यानंतरचा प्रत्येक पुरुष स्त्रीच्या कुशीतून. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना अगदी हाच तोल साधला आहे. स्त्री पुरुषापासून झाली तसा पुरुषही स्त्रीच्या द्वारे जन्मास येतो आणि सर्व काही देवापासून आहे, असा त्याचा आशय आहे (१ करिंथ ११:१२). या पत्रातील अलीकडची वचने काही जण तोंडपाठ म्हणतात. हे वचन मात्र सोडून देतात.

याच संदर्भात आणखी एक दुवा सांगायला हवा. क्रुसावर प्रभू येशूच्या कुशीत शिपायाने भाला खुपसला आणि रक्त व पाणी बाहेर आले, असे संत योहानाच्या शुभवर्तमानात आहे (१९:३४). तेथेही ग्रीक शब्द 'प्लेव्रा' हाच आहे. निद्रिस्त आदामाच्या कुशीतून एवा, तशी क्रुसावर निद्रिस्त झालेल्या ख्रिस्ताच्या कुशीतून ख्रिस्तसभा, असे संत ऑगस्टीन आदी धर्मपित्यांनी शिकवले. जिला ख्रिस्तसभेने आपल्या जन्माचे प्रतीक मानले, ती निर्मिती हीनतेची खूण कशी असेल?

'साहाय्यक' म्हणजे कोण?

दुसरा गैरसमज 'साहाय्यक' या शब्दाचा. मराठीत साहाय्यक म्हटले की मुख्य माणसाच्या हाताखालचा माणूस डोळ्यांसमोर येतो. हिब्रूत मूळ शब्द 'एझेर' आहे. जुन्या करारात तो एकवीस वेळा येतो. त्यांपैकी दोन वेळा पहिल्या स्त्रीसाठी आणि बहुतेक वेळा खुद्द परमेश्वरासाठी! स्तोत्रकर्ता डोंगरांकडे डोळे लावून ज्या साहाय्याची वाट पाहतो, ते हेच साहाय्य (स्तोत्र १२१). परमेश्वर इस्राएलचा 'एझेर' आहे म्हणून कोणी त्याला इस्राएलचा नोकर म्हणत नाही. संकटात जो धावून येतो, ज्याच्यावाचून तरणोपाय नसतो, तो 'एझेर'.

त्याला जोडून 'केनेग्दो' हा शब्द आहे. त्याचा अर्थ 'त्याच्या समोर, त्याला साजेसा'. पायांशी नव्हे, पाठीमागेही नव्हे, समोरासमोर. डोळ्याला डोळा भिडवून बोलू शकेल, प्रसंगी विरोधही करू शकेल, अशी ती सोबत आहे.

निर्मितीसाठी वापरलेले क्रियापदही लक्षणीय आहे. आदामाला परमेश्वराने 'घडवले', जसा कुंभार मडके घडवतो. स्त्रीला मात्र त्याने 'बांधले'. घर, वेदी, नगर यांच्या बांधकामासाठी जे क्रियापद येते, तेच येथे आहे.

आदाम जागा होतो आणि बायबलमधील मानवाचे पहिले नोंदलेले उद्गार बाहेर पडतात. ते काव्यात आहेत. ही माझ्याच हाडामांसाची आहे, हा त्यांचा भाव. हिब्रूत ही नात्याची भाषा आहे. लाबान याकोबाला (२९:१४) आणि इस्राएलची कुळे दाविदाला (२ शमुवेल ५:१) हेच म्हणतात. आपण रक्ताचे नाते म्हणतो तसे. याच ठिकाणी 'ईश' म्हणजे पुरुष आणि 'इश्शा' म्हणजे स्त्री हे शब्द प्रथम जोडीने येतात. स्त्री समोर आल्यावरच मानवाला आपण पुरुष असल्याचा बोध होतो.

पुढचे वचन तर आमच्या चालीरीतींना चकित करणारे आहे. आपल्याकडे लग्नानंतर मुलगी माहेर सोडते. उत्पत्तीच्या वचनात मात्र पुरुष आपल्या आईबापांस सोडून पत्नीशी जडून राहतो (२:२४). ज्या समाजात हे लिहिले गेले तोही पितृप्रधानच होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या वचनाचे धैर्य कळते.

मग सत्ता आली कोठून?

पुरुष स्त्रीवर स्वामित्व गाजवील, असे वाक्य उत्पत्तीत आहे, हे खरे. पण ते कोठे आहे? दुसऱ्या अध्यायात, निर्मितीच्या वेळी नाही. ते तिसऱ्या अध्यायात, पापाच्या परिणामांच्या यादीत आहे (३:१६). काटेकुसळे, घामाची भाकरी, प्रसूतीच्या वेदना यांच्याच पंक्तीत ते बसते. काटे हे पापाचे फळ म्हणून शेतकरी निंदणी सोडत नाही आणि वेदना हे पापाचे फळ म्हणून ख्रिस्ती रुग्णालये प्रसूतिगृहे बंद करीत नाहीत. मग पुरुषी सत्ता तेवढी देवाची योजना म्हणून जपून का ठेवावी?

'हव्वा' हे नावही या अध्यायातच येते (३:२०). त्याचा संबंध जीवनाशी आहे. सर्व जीवितांची माता ती हव्वा. लॅटिन व पोर्तुगीज वळणाने तेच 'एवा' झाले. मृत्यूचा निर्णय ऐकल्यावर लगेच आदाम तिला जीवनाचे नाव देतो. त्याच ओघात परमेश्वर त्या दोघांसाठी स्वतः चामड्याची वस्त्रे करतो (३:२१). ज्या स्त्रीला पुढील पिढ्यांनी पापाचे दार म्हटले, तिची लाज राखायला प्रथम परमेश्वरच पुढे झाला.

ख्रिस्ती परंपरेतही या कथेचे वाचन एकसारखे झालेले नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात सांगितले, की स्त्री मस्तकापासून घेतली नाही, कारण तिने सत्ता गाजवायची नव्हती. पायापासूनही घेतली नाही, कारण पुरुषाने तिला दासीप्रमाणे तुच्छ मानायचे नव्हते. त्याच थोर गुरूंनी अॅरिस्टॉटलच्या जीवशास्त्राचा आधार घेऊन स्त्रीला अपूर्ण पुरुषही मानले. ग्रीक कल्पनांचे हे ओझे शास्त्राच्या वाचनावर दीर्घकाळ राहिले.

शेजारच्या परंपरा काय सांगतात?

आपण अनेक धर्मांच्या शेजारात राहतो. तेव्हा पहिल्या स्त्रीविषयी शेजाऱ्यांच्या ग्रंथांत काय आहे, हेही आदराने पाहावे. बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात आरंभी एकटाच असलेला आत्मा वर्णिला आहे. एकटेपणात त्याला आनंद वाटेना, त्याने दुसऱ्याची इच्छा केली. आलिंगनबद्ध स्त्रीपुरुषांएवढा तो झाला, मग त्याने स्वतःचे दोन भाग केले, त्यांतून पती व पत्नी झाले. याज्ञवल्क्यांनी यासाठी दिलेला दृष्टान्त विदर्भातील कोणत्याही गृहिणीला समजेल असा आहे : द्विदल धान्याचा दाणा फोडला की एकेक डाळ जशी अर्धी, तसे आपण अर्धे आहोत. फरकही आहेच. उपनिषदात आत्मा स्वतः दुभंगतो, तर उत्पत्तीत निर्माता परमेश्वर निर्मितीहून वेगळा आहे. पण एकटेपण चांगले नाही आणि दोघे एकाच्याच दोन बाजू आहेत, या दोन्ही गोष्टी दोन्हीकडे आढळतात.

मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायातही स्रष्टा आपल्या देहाचे दोन भाग करून अर्ध्याने पुरुष व अर्ध्याने स्त्री होतो. कुराणात पहिल्या स्त्रीचे नाव येत नाही. एका जिवापासून आणि त्याच्यापासूनच त्याची जोडी, असे सांगितले आहे (४:१), आणि निषिद्ध फळाचा दोषही दोघांवर ठेवला आहे. फासळीचा उल्लेख मुस्लिम परंपरेत हदीसमधून येतो. याउलट ग्रीक कवी हेसिऑडच्या काव्यातील पहिली स्त्री पँडोरा ही मानवांना शिक्षा म्हणून धाडलेली आहे. तिच्याशेजारी एवेला उभे केले, की उत्पत्तीतील स्त्री ही दंड नसून दान आहे, हे स्पष्ट होते.

यातून एक कटू सत्यही निघते. आरंभकथेत अर्धा वाटा दिलेल्या समाजांनीही व्यवहारात स्त्रीला तो दिला नाही. हे जसे इतरांना, तसे आम्हां ख्रिस्ती लोकांनाही लागू आहे.

मराठी भाषेत आलेली एवा

मराठीत ही कथा सविस्तर सांगितली ती येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज धर्मगुरूने ओवी छंदात रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात, म्हणजे पहिल्या पुराणात, सृष्टीची व आदाम-एवेची कथा येते. जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना आपली म्हणावी अशी कथा हवी होती. ती गरज या ग्रंथाने भागवली.

पुढे तीन शतकांनी हीच कथा एका स्त्रीने थेट हिब्रूवरून मराठीत आणली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचा अनुवाद केला. साध्यासुध्या स्त्रियांना कळेल अशी भाषा हा त्यांचा आग्रह होता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी अनुवादाचे काम पुरे झाले होते आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. संपूर्ण बायबल एकटीने अनुवादित करणाऱ्या जगातील मोजक्या स्त्रियांत त्यांची गणना होते. त्या कॅथलिक नव्हत्या; पण एवेच्या एका मराठी लेकीने एवेची कथा मूळ भाषेतून वाचली, याचा आनंद सर्वच ख्रिस्ती लोकांना व्हायला हवा.

विदर्भाच्याच बुलढाण्यातून १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांना खडा सवाल केला होता. जे दोष स्त्रीच्या माथी मारता, ते तुमच्यात नाहीत काय, हा त्यांच्या पुस्तकाचा गाभा. फळ खाल्ल्याचा ठपका पत्नीवर ढकलणाऱ्या आदामालाही (३:१२) हाच प्रश्न लागू पडतो.

नालवाडीचे सूत

आता नालवाडीकडे वळू. विनोबा भावे १९२१ मध्ये गांधीजींच्या इच्छेवरून वर्ध्यास आले. धुळे तुरुंगातून सुटल्यावर १९३२ च्या डिसेंबरात ते नालवाडीत राहू लागले. १९३४ मध्ये तेथे ग्रामसेवा मंडळाची स्थापना झाली. खादी व ग्रामोद्योगांबरोबर नालवाडीत चर्मालयही चालले. गोपाळराव वाळुंजकर यांनी ते काम पाहिले. ज्या कामाला समाजाने हीन ठरवले, ते येथे प्रतिष्ठेने केले जाई. उत्पत्तीत पहिली चामड्याची वस्त्रे खुद्द परमेश्वराच्या हातची आहेत, हे वर आलेच आहे.

परंतु आमच्या विषयाशी अधिक जवळचा आहे तो विनोबांचा सूतकताईचा प्रयोग. केवळ कातून मिळणाऱ्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, हे पाहण्यासाठी ते रोज आठ-आठ तास चरखा चालवीत आणि त्या मजुरीत बसेल एवढेच अन्न घेत. सूत कातण्याचे काम देशभर मुख्यतः स्त्रियाच करीत. ती त्यांची फावल्या वेळची जोड-कमाई, असे मानून दर ठरत. स्त्रीच्या श्रमाला 'मदत' हे नाव दिले, की तिची मजुरीही मदतीएवढीच होते. नालवाडीत एका पुरुषाने तो दर स्वतःच्या पोटाला लावून पाहिला, तेव्हा तो किती अपुरा आहे हे उघड झाले. १९३५ मध्ये गांधीजींनीही कातणाऱ्यांना जगण्यापुरते वेतन मिळालेच पाहिजे असा आग्रह धरला आणि चरखा संघाने मजुरी वाढवण्याचे धोरण स्वीकारले. कापड महाग होईल, खप घटेल, अशी भीती व्यक्त झाली होती. तरीही कातणारीचा वाटा आधी, हे तत्त्व मान्य झाले.

चाती धरलेल्या एवेच्या चित्राशी हा प्रसंग आपोआप जुळतो. इंग्लंडमध्ये १३८१ च्या शेतकरी उठावात जॉन बॉल या धर्मगुरूने कुदळ चालवणाऱ्या आदामाची व सूत कातणाऱ्या एवेची आठवण देऊन, त्या वेळी उमराव कोण होता, असा प्रश्न विचारला होता. आरंभी दोघेही कष्टकरी होते आणि दोघांचेही कष्ट सारखेच होते.

१९३८ मध्ये प्रकृती खालावल्याने विनोबा नालवाडीहून थोड्या अंतरावरील पवनारला, धाम नदीकाठी राहायला गेले. तेथेच २५ मार्च १९५९ रोजी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. अध्यात्मसाधनेसाठी स्त्रियांनी स्वतः चालवावे, शेती व शरीरश्रम करावेत आणि निर्णय सर्वसंमतीने घ्यावेत, असे हे स्थान. स्त्रियांमधून शंकराचार्यांच्या तोडीची ज्ञानी व विरक्त व्यक्ती उभी राहिली पाहिजे, असे विनोबा म्हणत. त्यांनी नव्या करारातील वेच्यांचे 'ख्रिस्तधर्म-सार' हे संकलनही केले होते. विनोबांचा मार्ग वेगळा होता आणि त्यांना ख्रिस्ती ठरवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण 'केनेग्दो', म्हणजे समोरासमोरची सोबत, व्यवहारात कशी दिसावी याचे एक उदाहरण वर्धा जिल्ह्याच्या मातीत मिळते, हे नमूद केलेच पाहिजे.

ख्रिस्तसभेची शिकवण आणि आपली घरे

ख्रिस्तसभेने या कथेचा अर्थ आता निःसंदिग्ध शब्दांत सांगितला आहे. १९४३ मध्ये पोप पायस बारावे यांनी शास्त्रातील निरनिराळे साहित्यप्रकार ओळखून वाचन करावे, असे विद्वानांना सांगितले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ पासून बुधवारच्या प्रबोधनांत उत्पत्तीच्या या अध्यायांवर दीर्घ चिंतन मांडले आणि १५ ऑगस्ट १९८८ च्या प्रेषितीय पत्रात स्त्रीवरील पुरुषी सत्ता ही पापामुळे बिघडलेल्या नात्याची खूण असल्याचे स्पष्ट केले. भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने २०१० मध्ये स्त्री-पुरुष समतेविषयीचे धोरण प्रसिद्ध केले. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक व वेदीसेवक या सेवापदांची दारे स्त्रियांसाठी अधिकृतपणे उघडली, तर ऑक्टोबर २०२३ च्या सिनॉडमध्ये स्त्रियांनी प्रथमच मतदान केले.

दस्तऐवज आहेत, प्रश्न घरांचा आहे. विदर्भातील कापसाच्या शेतात निंदण आणि वेचणी बहुतांशी स्त्रियाच करतात, तरी सातबाऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचे असते. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' अभियान चालवून जमिनीचा वाटा पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन केले, तेव्हा अनेक गावांनी प्रतिसाद दिला. आमच्या धर्मग्रामांतील किती कुटुंबांनी असे काही केले आहे? पत्नी दिवसभर राबते आणि पती म्हणतो, ती मला मदत करते. तो चहा करतो तेव्हा मात्र म्हणतो, मी तिला मदत केली. दोन्ही वाक्यांत घर कोणाचे आणि काम कोणाचे, हे आधीच ठरून गेलेले असते.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी कोणी फासळीचा दाखला दिला, तर रागावू नका. त्याला उत्पत्तीचा दुसरा अध्याय शांतपणे उघडून दाखवा. आदाम झोपला होता, हे सांगा. 'एझेर' हा शब्द परमेश्वरासाठी वापरला आहे, हे सांगा. सत्तेचे वाक्य तिसऱ्या अध्यायात, पापानंतर आहे, हेही सांगा. आणि विवाहाची तयारी करणाऱ्या तरुणांना आमची एवढीच सूचना आहे, की आपल्या होणाऱ्या जोडीदाराबरोबर हे दोन अध्याय एकदा एकत्र बसून वाचावेत आणि घरातील पैसा, जमीन, काम व निर्णय यांचा वाटा कसा असेल, हे लग्नाआधीच मोकळेपणाने बोलून घ्यावे.